पाटीबाहेरची भाकरी

प्रयागबाईंच्या दारावरून वैजयंती खाली मान घालून पुढे निघाली, तेवढ्यात आतून हाक आली.

"वैजयंते, आमचं घर इसरलीस व्हय?"

विसरली नव्हती. पिंपरी पेंढारच्या या आळीची पाळी सोमवारची. घरटी दोन भाकरी द्यायच्या, महिला मंडळाच्या बाईनं पाटीत गोळा करायच्या आणि सकाळच्या एसटीनं जुन्नरच्या दवाखान्यात न्यायच्या. आजाऱ्याला तिथं जेवण मिळे, उशाशी बसलेल्या माणसाचं कुणी बघत नसे. वर्गणी मागायला गेलं की लोक उद्या या म्हणत. भाकरीला मात्र कुणी नाही म्हणत नसे. फक्त सुतकाच्या घरची घ्यायची नाही, असं मंडळात ठरलेलं होतं. मागं एकदा चुकून घेतली गेली, तर निम्म्या आळीनं पाटीत भाकरी टाकायचं बंद केलं. एकेकीची समजूत काढताना वैजयंतीच्या नाकी नऊ आले होते.

प्रयागबाईंच्या मुलाचा, गोकुळचा, दहावा अजून व्हायचा होता. घरात दोघंच होती, माय आणि लेक; आता माय एकटी उरली.

म्हातारी उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. हातात फडकं होतं, आणि फडक्यातून वाफ येत होती.

"दहावा होऊ द्या, मावशी," वैजयंती हळूच म्हणाली. "मग मी स्वतः येईन न्यायला."

समोरच्या ओट्यावर झुंबरबाई भांडी घासत होती. राखेच्या हातानं ती तशीच उठली. "सुतकाची भाकर दवाखान्यात धाडतीस व्हय गं? आधीच तिथं एकेकाचा जीव टांगणीला लागल्याला आसतो."

प्रयागबाईंनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मी म्हैनाभर त्याच व्हरांड्यात बसून खाल्ली," त्या म्हणाल्या. "कुणाच्या घरची, सुतकाची का बिनसुतकाची, मी इचारलं व्हतं का?"

झुंबरबाई परत भांड्यांपाशी बसली. बसता बसता ती पुटपुटली की न्यायचीच तर ने बाई, पण पाटीला लागू देऊ नको, माझ्याबी दोन हायेत तिच्यात.

वैजयंतीनं पाटी डोक्यावर घेतली आणि फडकं वेगळं, डाव्या हातात धरलं. फडक्याची दुसरी बाजू प्रयागबाईंच्या मुठीतून सुटायला वेळ लागला.

एसटीत वैजयंतीनं फडकं मांडीवर ठेवलं होतं. पाटी पायाशी. तिच्या मनात आलं, जुन्नरला उतरल्यावर गाईला घालावी. पुण्यच लागेल, आणि कुणाला कळणारही नाही. स्टँडबाहेर रसाच्या गुऱ्हाळापाशी गाय उभी होतीसुद्धा. वैजयंती तिच्याजवळ घुटमळली आणि पुढं गेली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पाटी हा हा म्हणता रिकामी झाली. शेवटी एक बाई उरली. वरच्या डोंगरातली, भागू नावाची. नवऱ्याला घेऊन कालच आली होती. मांडीवर जेवणाची रिकामी पितळी घेऊन ती भिंतीला टेकली होती.

"पाटीत उरली नाही गं," वैजयंती म्हणाली.

"आसू द्या, ताई." भागूनं पितळी पालथी ठेवली. वैजयंतीच्या हातातल्या फडक्याकडं तिनं मुद्दामच बघितलं नसावं.

न सांगता दिली असती तर झालं असतं. वैजयंतीला ते जमलं नाही. ती तिच्याजवळ उकिडवी बसली आणि फडकं फरशीवर ठेवून खालच्या आवाजात म्हणाली, "या दोन आहेत. पण त्या घराला सुतक आहे. एकुलता एक मुलगा गेला बाईंचा."

"कुठं गेला?"

"इथंच."

भागूनं वॉर्डाच्या दाराकडं बघितलं. आत तिचा नवरा, कुशाबा, भिंतीकडं तोंड करून पडला होता. आता ही फडकं परत सरकवणार, असं वैजयंतीला वाटलं. आपण सांगायला नको होतं, असंही वाटलं.

भागूनं फडकं पुढ्यात ओढलं आणि त्याची गाठ सोडली. वरच्या भाकरीवर पालथा हात ठेवला, आजाऱ्याचा ताप बघावा तसा.

"त्या माउलीनं काय खाल्लं का?" तिनं विचारलं.

सुतकाची भाकरी घ्यावी की घेऊ नये, यावर मंडळात किती बोलणं झालं होतं. आज सकाळीही आळीत त्यावरच बोलणं झालं. हे कुणी विचारलं नव्हतं.

"मी विचारलं नाही," ती म्हणाली.

भागूनं मान हलवली. एक भाकरी उचलून तिनं पितळीत ठेवली, दुसरी फडक्यात तशीच ठेवून गाठ मारली आणि फडकं वैजयंतीच्या हातात दिलं.

"ही तिला माघारी न्या. नुसती दिऊन येऊ नका, म्होरं बसून खाऊ घाला. एकल्या माणसाच्या गळ्याखाली घास उतरत नाय, ताई."

मग तिनं आपल्या भाकरीचा तुकडा मोडला. तो हातातच राहिला. ती पुन्हा वॉर्डाच्या दाराकडं बघायला लागली.

बाहेर, स्टँडच्या बाजूला, कंडक्टरची घंटा वाजल्यासारखी वाटली. परतीची ही एसटी चुकली तर पुढची थेट दुपारी होती. वैजयंतीनं रिकामी पाटी बाजूला सारली आणि ती भागूच्या समोर, फरशीवर मांडी घालून बसली.