व्हरांड्यातली खुर्ची

कन्हानच्या पुरात घरं गेलेली माणसं सौंसरच्या एका शाळेत राहत होती. पोरांच्या मनातली भीती ऐकायला आलेल्या समुपदेशक नेहाताई तीन दिवस मागच्या खोलीत बसून होत्या, पण लाजेपायी कुणीच तिकडं फिरकलं नाही. चौथ्या दिवशी पंधरा वर्षांच्या दामिनीनं त्यांची खुर्ची ओढत थेट व्हरांड्यात आणली आणि सगळ्यांदेखत त्यांच्यापुढं बसली. "पोरी, लोकं येडी म्हणतीन तुले!" तिचा काका ओरडला. "म्हणू द्या! ताई, पाण्यात आबाचा हात माह्या हातातून सुटला. अजूनही रोज रात्री सुटूनच राहिला." काका तिला उठवायला धावला. ती खांबाला धरून बोलतच राहिली. तेवढ्यात काकाचा आठ वर्षांचा पोरगा रोशन पुढं आला. पुरापासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं. काकानं हात आडवा घातला. पोरानं तो बाजूला सारला. "बाबा, सरका. आता मी सांगतो."