लग्नाचं चीज

दोब्रोवका गावच्या डेअरीचा सगळा माल पास झाला. चीजचा एकही गोळा नापास नाही. डेअरी उघडल्यापासून असं कधी घडलं नव्हतं.

पण हे तूर्त विसरून जा. मंगळवारी सकाळी सरकारी दर्जा तपासनीस सेवेरिन गोंस्का बसमधून उतरला, तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं.

सेवेरिन नवा होता. त्याच्या आधीचे तेओफिलसाहेब नुकतेच निवृत्त झाले होते. ते इथला निम्मा माल दर वेळी नापास करायचे. वॉर्साच्या कचेरीत त्यांना ‘कसाई’ म्हणत. दोब्रोवकात त्यांचं नाव काढलं तर लोक थुंकतील, असा सेवेरिनचा अंदाज होता.

“तेओफिलसाहेब बरे आहेत ना?” डेअरीप्रमुख लेओकाद्याबाईंनी दारातच विचारलं. “देवमाणूस हो! निरोपाच्या दिवशी अख्खं गाव रडलं.”

“कोण, तेओफिल?”

“फुलं कमी पडली शेवटी. मग कोबी दिले.”

सेवेरिनला मोठं कुतूहल वाटलं. तेवढंच कुतूहल रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानाचं. काचेआड व्हिनेगरच्या बाटल्या सोडल्या तर दुसरं काही दिसत नव्हतं, आणि दाराशी पिशव्या घेतलेल्या बायकांची ही मोठी रांग.

“या कशासाठी थांबल्यात?”

“तुमच्यासाठी,” बोनिफात्सी म्हणाला. तो डेअरीतला सगळ्यात जुना कारागीर. “नवा साहेब बघायला आल्यात. गावात थिएटर नाही ना.”

तिघं तळघरात उतरले. फळ्यांवर लाल मेणात बुडवलेले गोळे ओळीनं बसले होते. सेवेरिनने पोकळ सळई काढून पुसली. ती गोळ्यात खुपसायची, फिरवायची, आतली कांडी बाहेर काढायची, वास घ्यायचा, चिमूटभर चाखायचं आणि भोक बुजवायचं. पास झालं तर शिक्का. शिक्क्याचा माल इंग्लंडला, वॉर्साने आधीच ठरवून दिलेल्या भावाने. नापास मालाचं पुढे काय होतं, हे सेवेरिनच्या प्रशिक्षणात नव्हतं. तो विषय दुसऱ्या खात्याचा होता.

“साहेब, एक सांगू का?” लेओकाद्याबाईंनी हातातला रुमाल पिळला. “शनिवारी माझ्या यागोदाचं लग्न आहे. दीडशे माणूस येणार. माझी सगळी इभ्रत तुमच्या आजच्या शिक्क्यावर आहे.”

“बाई, मी कुणाला सूट देत नाही.”

“सूट नकोच! कडक बघा. तेओफिलसाहेबांसारखं बघा. एवढंच मागणं आहे.”

सेवेरिन भारावला. नोकरीत सगळे त्याला जरा सांभाळून घ्या म्हणायचे. पोरीचं लग्न तोंडावर असताना कडक बघा म्हणणारी बाई त्याला पहिल्यांदाच भेटत होती.

पहिला गोळा उत्तम निघाला.

“भोकं जरा मोठी नाहीत का?” बाईंनी विचारलं.

“छान एकसारखी आहेत.”

“तेच म्हणते मी. जास्तच एकसारखी आहेत. मला तर संशय येतो.”

बोनिफात्सीने नाक पुढे केलं. “मला तळघराचा वास येतोय.”

“आपण तळघरातच उभे आहोत.”

“मग लागला असणार चीजला. बिचारं किती महिने इथे पडून आहे.”

सेवेरिन हसला आणि शिक्का मारला. मग दुसरा. मग सगळी फळी. प्रत्येक शिक्क्याला बाई डोळे मिटत होत्या. देवाचे आभार मानत असाव्यात, असं त्याला वाटलं.

शेवटच्या फळीवर मात्र तो थबकला. कांडी चाखली, पुन्हा चाखली. मागे किंचित कडवटपणा राहत होता.

“कडू आहे ना?” बोनिफात्सी पटकन म्हणाला. “कडूच आहे साहेब, शपथेवर सांगतो. माझ्या सासूला शोभेल असं कडू.”

“तू गप्प बस. साहेबांना ठरवू दे,” बाई म्हणाल्या. पण त्यांचे डोळे एकदम चमकले होते. त्या सेवेरिनकडे लहान मुलीसारख्या बघत होत्या.

नियमाने ही फळी नापास होती. सेवेरिनने नियम आठवला. मग पांढऱ्या झग्यातली यागोदा त्याच्या डोळ्यांपुढे आली. नोकरीत पहिल्यांदाच त्याने मनाला विचारलं आणि मनाने होकार दिला.

“इंग्लंडच्या लोकांना थोडं कडवट आवडतं,” तो म्हणाला आणि शिक्के मारत सुटला.

लेओकाद्याबाई दुधाच्या उपड्या कॅनवर मटकन बसल्या आणि हुंदके देऊन रडू लागल्या.

“अहो, आनंदाच्या वेळी रडायचं नसतं,” सेवेरिन म्हणाला. त्याने आपला रुमाल पुढे केला.

“साहेब, ती शेवटची फळी तरी... पुन्हा एकदा बघाल?”

“किती प्रामाणिक आहात हो तुम्ही! पण एकदा पास झालेला माल कुणालाही नापास करता येत नाही. मंत्र्यालासुद्धा.”

दुपारी ट्रक भरून बंदराकडे निघाला. रांगेतल्या बायकांनी तो वळणाआड जाईपर्यंत बघितला, पिशव्यांच्या घड्या घातल्या आणि पांगल्या. जाता जाता एकीने सेवेरिनच्या बुटाशेजारी थुंकून घेतलं.

“हे काय चाललंय?” सेवेरिन गोंधळला. “मी तर सगळं पास केलं! कुणाची काही तक्रार असेल तर वरती रीतसर विनंती करा.”

लेओकाद्याबाई उभ्या राहिल्या. त्यांनी डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि कचेरीच्या आवाजात म्हणाल्या, “माननीय निर्यात दर्जा विभाग, वॉर्सा, यांस सविनय विनंती की, दोब्रोवका येथील दुकानात निर्यातीस नापास झालेल्या मालाखेरीज खाण्याजोगे काहीही येत नसल्याने, व शनिवारी दीडशे पाहुणे जेवावयास येत असल्याने, सदर ट्रक वाटेतून परत बोलावून त्यातील चीज तातडीने नापास करण्यात यावे.”