चौतीस दाते

अभयने गिअरची ती दातेरी चकती हातात घेऊन पाहिली आणि परत मिथुनच्या पुढ्यात टाकली.

"हे काय पोळपाट आणलंस?"

"चौतीस दात्यांची आहे," मिथुन म्हणाला. "मागं ही लावली की चढाला सायकल हलकी जाते."

सानपाड्यातल्या सोसायटीच्या तळघरात, पार्किंगच्या कोपऱ्यात सायकल उलटी करून ठेवली होती. पंचवीस वर्षांपूर्वीची, डोंगरात फिरायची सायकल. दोघा मित्रांनी कित्येक रविवार घालवून ती पुन्हा उभी केली होती. रंग झाला, ब्रेक झाले. आता फक्त मागचे गिअर ठरायचे होते.

"माझी जुनी अठ्ठावीसची होती. तीच लाव."

"अभ्या, तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळी होती?"

शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या मैत्रीकडे मिथुनने नकळत पाहिलं. अभयच्या नजरेतून ते सुटलं नाही. तो बायकोकडे वळला.

"तू सांगितलंस याला?"

"हो, मी सांगितलं. एक जिना चढलात की कठडा धरून उभे राहता. मग काय लपवून ठेवू?"

तळोज्याच्या कंपनीत वायू गळला, तेव्हापासून अभयची छाती अर्धीच भरत होती. घरात तो विषय कोणी काढत नसे. काढला की ताट सरकायचं, दार आपटायचं.

"मला कुबडी नकोय," तो मिथुनला म्हणाला. "जुनी लाव."

मिथुनने मुकाट्याने जुनी लावली. अभयने सायकल सरळ केली, टांग टाकली आणि रस्त्याकडे जाणाऱ्या रॅम्पवर घातली. गाड्या वर चढायचा रॅम्प तो, केवढासा. निम्म्यावर पेडल जड झालं. तो सीटवरून उठला, सगळं वजन पायांवर टाकलं. पेडल हललं नाही. पाय जमिनीला टेकला आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

मिथुन धावत गेला. त्याने सीटला मागून हात लावला.

"हात काढ."

"अरे, जरा ढकलतो फक्त..."

"हात काढ म्हणतो ना."

तो तसाच पाय रेटत मागे मागे खाली आला. सायकल त्याने भिंतीवर ढकलून दिली. नव्या रंगावर लांबलचक ओरखडा उमटला.

"झालं समाधान?" त्याने मैत्रीला विचारलं.

मैत्री खुर्चीवरून उठली. तिचा आवाज चढला नाही.

"चिडायचंय ना? मग तळोज्याला जा. त्या कंपनीच्या गेटवर उभे राहा आणि तिथं चिडा, मी येते सोबत. रोज मलाच कशाला? मी काय गॅस सोडला होता?"

मिथुन खाली वाकून उगाच हत्यारं गोळा करू लागला. अभय भिंतीला टेकून उभा राहिला. बऱ्याच वेळाने त्याचा श्वास खाली बसला. राग बसला नाही.

"पाना काढ," तो म्हणाला.

चौतीसची चकती बसली. चेनला दोन कड्या वाढवाव्या लागल्या. अभय पुन्हा रॅम्पला लागला. पाय गरागरा फिरत होते आणि सायकल मुंगीच्या पावलाने चालली होती. दुधाची पिशवी घेतलेले एक आजोबा त्याला सहज मागे टाकून वर गेले. अभयने दात आवळले. हातभर पुढे, आणखी हातभर. पुढचं चाक रस्त्याच्या उन्हात आलं, मग मागचं.

मिथुन आणि मैत्री वर पोचले तेव्हा तो हँडलवर ओणवा झाला होता. मैत्रीने पाण्याची बाटली पुढे केली. त्याने ती घेतली नाही. डोळे लाल झाले होते, छाती वरखाली होत होती. दोघं थांबले.

"याच्याहून मोठी चकती मिळते का?" त्याने रागानेच विचारलं.