ओले कोपरे

थुंकी लावून पान उलटणाऱ्यांची मला शिसारी येते. शाळेच्या वाचनालयात हयात गेली, पण मुलांची ती घाणेरडी सवय मला काही पचली नाही.

उद्या शाळा उघडणार म्हणून मी पुस्तकं पुसायला काढली होती. सुट्टीभर खोलीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्याच पर्समध्ये. तरी पहिल्याच पुस्तकाचे कोपरे ओले निघाले. चांगले चिकट, हातमोज्याला तार सुटत होती.

"ओल आली असेल, बाई," लादी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या.

"ओल काय नेमकी पान उलटायच्या कोपऱ्यालाच येते? वास घेऊन बघा."

त्यांनी घेतला आणि तोंड फिरवलं. "शी! बाळाने ओकलेल्या दुधासारखा येतोय." त्या बादली घेऊन गेल्या त्या परत फिरकल्याच नाहीत.

मी एकटीच पुसत बसले. पुसलेलं पान मिटून पुन्हा उघडावं, तर कोपरा पुन्हा ओला, आणि आता कोमटसुद्धा. फडकं टाकून निघून जावंसं वाटत होतं. पण उद्या पहिलीची पोरं ह्याच पुस्तकांना हात लावणार, म्हणून उठवेना.

शेवटच्या पुस्तकात दोन पानं घट्ट चिकटली होती. हातमोजा काढून नखाने सोडवायला गेले, सुटेनात. आणि जन्मात कधी केलं नाही ते करायला बोट नकळत तोंडाकडे निघालं. छे! मी ते वाटेतच थांबवलं, ओठांपासून वीतभर लांब.

तिथेच, हवेत, ते ओलं झालं. खाली गरम, मऊ जीभ लागली. मग बारीक दुधाचे दात त्याच्यावर अलगद मिटले.