पिवळा थर

रसायनशास्त्राच्या गिराम सरांचं सगळं संशोधन एका पिवळ्या थरावर अडलं होतं. कॅडमियमच्या द्रावणात काच बुडवायची आणि तिच्यावर केसाहून कितीतरी पातळ थर चढवायचा, एवढंच काम. कॅडमियम म्हणजे विष, म्हणून सर हातमोजे घातल्याशिवाय त्याला शिवत नसत. पण काच नळाखाली धरली, की थर सुटून वाहून जायचा. “पाण्यात टिकेल तोच खरा थर,” असं ते वर्गात कायम सांगत.

एके दिवशी प्रयोगशाळा झाडता झाडता छबूबाई म्हणाल्या, “सर, तुमी मागं फेकलेला कॅन म्या घरी नेलता. लय कामाला आला बगा. औंदा पोरगा अन् सून ऊसतोडीला गेलते, तर फडात पाण्याला तोच नेला. लेकरं बी त्यातलंच पाणी प्यायची.”

सरांनी हातातली काच टेबलावर ठेवली. उरलेलं द्रावण ते त्याच कॅनमध्ये ओतत असत. आतून तो पिवळाधमक झाला होता.

“छबूबाई, त्याच्या आतला पिवळा रंग... तो आहे ना अजून?”

हा एक थर तरी टिकलेला असू दे, असं त्यांना आयुष्यात इतक्या कळवळून कधी वाटलं नव्हतं.


छबूबाई हसल्या. “न्हाई सर. म्या राखेनं घासला तवा निघंना, पण फडात पाण्यासंगं आपोआपच गेला समदा.”