चौथा पट्टा

"आज ज्याची चूक निघंल, तो पुन्हा या मोटारीले हात लावनार नाही," मंगरूळच्या मोटारअड्ड्यावर जगदेवराव सगळ्यांदेखत बोलले आणि त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

ज्याची म्हणजे कोणाची, हे कोणी विचारलं नाही. त्यांचा ड्रायव्हर उस्मान उघड्या बॉनेटपाशी उभा होता आणि रेडिएटरच्या टोपणाखालून वाफ फुसफुसत होती. दसऱ्यापासून पंख्याचे तीन पट्टे खलास झाले होते. चौथा काल घातला, तर तोही आज सकाळी किंचाळायला लागला. पट्टा घसरला की पंखा मंदावतो, पंखा मंदावला की पाणी उकळतं, आणि वाशिमचे उतारू शेलूबाजारच्या अलीकडेच खाली उतरून मोटारीच्या नावानं बोटं मोडत बसतात. उस्मान गाडी फार दामटतो, असं मालकाच्या मनानं घेतलं होतं. उस्माननं परोपरीनं सांगून पाहिलं. पण ड्रायव्हरचं ऐकतो कोण? त्या काळी या रस्त्यावर मोटारीच होत्या दोन-तीन. ही सुटली असती तर उस्मानला पुन्हा बाजारात सरकीची पोती उचलावी लागली असती. आणि या इंजिनावर त्याचा जीव होता हो.

जीव जगदेवरावांचाही होता, हे कबूल केलं पाहिजे. त्यांच्या घरात आजोबांपासून बैलगाड्या. बैलं विकून त्यांनी अकोल्याहून ही जुनी मोटार आणली, तेव्हा बैलांच्या दमणीखाली टांगलेलं वंगणाचं नळकंही सोडून आणलं आणि मोटारीच्या मागे बांधलं. अड्डा पोट धरून हसला होता. गाडी ती गाडी, नळक्यावाचून ती नागवी दिसते, असं जगदेवरावांनी ऐकवलं होतं. रोज तांबडं फुटताच ते येत, मोटारीला रामराम घालत, धूळ पुसत आणि मगच घरी जाऊन चहा घेत.

जगदेवरावांनी बोलावलेले सैफुद्दीन मिस्त्री आले ते विडी ओढतच. कापसाच्या जिनिंगमध्ये वीस वर्षं पट्टे आणि पुल्या सांभाळलेला माणूस. घाई हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. त्यांनी उस्मानला हँडल मारायला लावलं. इंजिन सुरू झालं आणि पट्ट्यानं असा सूर लावला की उतारूंनी कानांवर हात ठेवले. मिस्त्रींनी लोट्यातलं पाणी ओंजळीत घेऊन फिरत्या पट्ट्यावर शिंपडलं. आवाज थांबला. जगदेवरावांचा चेहरा खुलला, पण मिस्त्रींनी बोट वर केलं. चार श्वास गेले नाहीत तोच किंचाळी पुन्हा सुरू.

बेरिंग शाबूत आहे, त्यांनी सांगितलं. बेरिंग बिघडलं असतं तर ओंजळभर पाण्यानं ते थोडंच गप्प बसतं! पट्टाच घसरतो आहे. नवा पट्टा चार दिवसांत जरा ताणतो, ओरडतो. ओढून घेतला की झालं. मग इंजिन बंद करवून त्यांनी पट्टा अंगठ्यानं दाबला. चांगला ताठ होता. उस्मानचं काम चोख होतं. मिस्त्रींनी पुलीच्या खाचेत बोट फिरवलं. बोट तेलानं चकचकीत होऊन बाहेर आलं.

इंजिनातून गळत असेल, उस्मान पुटपुटला. बिचारा रोज तेच पुसत होता.

मिस्त्रींनी बोट हुंगलं. "इंजिनाचं तेल काळं असते, बेटा. हे एरंडीचं हाय."

मग ते सगळ्यांनाच समजावू लागले. पट्टा पुलीला धरून फिरतो. तेलकट हातानं भरला लोटा उचलून पाहा, काय होतं ते! चाक ओरडलं की तेल, हे बैलगाडीला ठीक. पट्ट्याला तेल म्हणजे जहर. घटकाभर आवाज दबतो, पट्टा घसरतो, जळतो आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट ओरडतो. मग माणूस दुप्पट तेल घालतो.

"कोन घालून राह्यलं हे?" मिस्त्रींनी विचारलं.

सगळ्यांच्या नजरा उस्मानवर खिळल्या. ड्रायव्हरवाचून बॉनेट उघडतो कोण, असं एक उतारू बोललाही. मिस्त्री विडी विझवत राहिले. नाव घेणं त्यांच्या कामात बसत नव्हतं.

जगदेवराव आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत होते. ते गप्प बसले असते तर कोणाला कळणार होतं? मोटार त्यांची होती, आणि मघाशी दिलेला शब्दही त्यांचाच होता. मग ते मोटारीमागे गेले, वाकले, दोरी सोडली आणि ते एरंडीच्या तेलाचं नळकं आणून उस्मानच्या हातात ठेवलं.

"उस्मानभाई, आजपासून मोटारीले हात लावनं मले बंद," ते म्हणाले. "पन सकाई लांबून रामराम घालत जाईन, तेवढं घालू देजो."