निळ्या काठाची वाटी

एन्कार्नानं पाकाच्या बारमधलं जवळ्याचं धिरडं तोंडात टाकलं आणि चावता चावता डोळ्याच्या कोपऱ्यातनं सगळ्यांकडं बघून घेतलं. ती आत आली तेव्हा चाललेल्या गप्पा अर्ध्यात तुटल्या होत्या. हे काही बरं लक्षण नव्हतं.

"आज वाट चुकलीस का गं?" काउंटरमागनं पाका म्हणाली. "रविवारी ऐन गर्दीच्या वेळी स्वतःचा बार सोडून?"

"रोसिओ आहे ना तिथं. लेक कशाला वाढवली मग?" एन्कार्ना म्हणाली. "आणि माझ्याकडं गर्दी कुठाय? ती कुठं गेली तेच बघायला निघालेय."

पाकानं पुसलेलाच ग्लास परत पुसायला घेतला. "धिरडं कसं झालंय?"

"झकास," एन्कार्ना म्हणाली. मनात म्हणाली, पुठ्ठा. पार हात गेला हिचा.

पण तोंडावर बोलायची सोय नव्हती. बंदरावरची रीतच तशी. रविवारी चर्च सुटलं की दुपारच्या जेवणाआधी अख्खं गाव बारच्या फेरीला निघतं. एका दारी एक घोट, एक घास, की पुढचं दार. प्रत्येक बारचा पदार्थ ठरलेला. पाकाची धिरडी, बेनितोचा पालक-हरभरा, गास्पारची तळलेली माकुळं. आणि एन्कार्नाचे बोकेरोन, म्हणजे बोटाएवढे मासे, व्हिनेगरात मुरवलेले, वर लसूण अन् ऑलिव्हचं तेल. एकाचा पदार्थ दुसऱ्यानं करायचा नाही. आणि कुणाच्या घासाला नावं ठेवायची नाहीत. नाही आवडलं तर पाय गुपचूप पुढच्या दारी वळतात, तोंड बंद.

उन्हाळा लागल्यापासनं ते पाय एन्कार्नाच्या दारावरनं पुढं चालले होते. म्हातारा मातियास अन् त्याची टोळीसुद्धा. तिच्या नवऱ्याच्या काळापासनं त्यांनी एक रविवार चुकवला नव्हता. आणि मातियास जिथं थांबत नाही तिथं गाव थांबत नाही. येत्या हिवाळ्यात बारला कुलूप लागणार, हे तिला दिसत होतं.

तिनं आपल्या मनाशी सगळं जुळवलं होतं. मागच्या हिवाळ्यात ती तापानं अंथरुणाला खिळली होती, तेव्हाच कुणीतरी डाव साधला. कुणीतरी चोरून बोकेरोन करतंय. आणि घरातनं फितुरी झाल्याशिवाय हे जमायचं नाही. आज सकाळीच तिनं पाहिलं, रोसिओ मागच्या दारानं सटकली, हातात बोकेरोन वाढायची निळ्या काठाची वाटी, वर फडकं. कुठं निघालीस म्हटलं तर म्हणे, मांजराला घालायला. मांजराला म्हणे निळ्या काठाच्या वाटीतनं.

पाकाकडं चोरीचा काही माग लागला नाही. ती बेनितोकडं गेली. त्याचा पालक-हरभरा म्हणजे नुसता चिखल. वाईनमध्येही मेल्यानं पाणी घातलेलं. एन्कार्नाला जरा बरं वाटलं. सगळ्यांचंच बिघडलंय की. मग माणसं माझ्याकडं का येत नाहीत? एवढं कोण गोड लागून गेलंय यांना?

"गास्पारकडं जाऊ नकोस हं," बेनितो पाठीमागनं म्हणाला. "आज तिथं पाय ठेवायला जागा नाही."

मग ती तडक गास्पारकडंच गेली.

आत जागा भरपूर होती. कोपऱ्यातल्या पिंपाभोवती मातियास अन् टोळी उभी होती, आणि पिंपावर पाण्याचा मोठा जग. एन्कार्ना थबकली. फेरीवर पाणी? मातियासला पाणी शेवटचं शिवलं ते बाप्तिस्म्याला, असं गाव म्हणायचं. आणि आता तो घटाघटा पाणी पीत होता. जगाशेजारी निळ्या काठाची वाटी होती.

गास्पारनं वाटी उचलायला हात पुढं केला. एन्कार्नाचा हात आधी पोचला.

"थांब रे. माझीच वाटी आहे. बघू तरी काय शिकलास."

"एन्कार्ना, राहू दे," गास्पार म्हणाला.

तिनं एक मासा तोंडात टाकला. सावकाश चावला. आणखी एक टाकला.

"याच्यासाठी मला सोडलंत?" ती म्हणाली. "ना मीठ, ना व्हिनेगर. धुतलेलं फडकं चघळल्यासारखं लागतंय. गास्पार, चोरायचं तर धड चोरायचं बाबा. माझ्या लेकीनं अर्धंच शिकवलं वाटतं तुला."

मातियासनं डोक्यावरची टोपी काढली.

"पोरी," तो म्हणाला, "आयुष्यात कुणाच्या घासाला नाव ठेवलं नाही. आज ठेवतो. हे मासे तूच केलेत. रोसिओ सकाळी घेऊन आली. मीठ एवढं की जीभ सोलून निघतीय, व्हिनेगर तर विचारूच नकोस. पोर रडत होती. आईला कसं सांगू म्हणून विचारत होती. तेच ठरवत बसलो होतो आम्ही."

"खोटं," एन्कार्ना म्हणाली.

काउंटरवर माकुळांसाठी लिंबं कापून ठेवली होती. तिनं त्यातलं अर्धं लिंबू उचललं, सालीसकट तोंडात कोंबलं आणि कचकन चावलं. रस हनुवटीवरनं ओघळला.

गास्पारनं डोळे गच्च मिटले, मातियासचं तोंड वाकडं झालं, सगळ्या बारचे दात आंबले. एन्कार्ना आंबट लागायची वाट बघत चावतच राहिली.